साखरपुडा झाला, चॅट सुरू झालं... पण माणूस कळला का?

कपाशीचं_बोंड · रविवार, रात्री १०:२०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहितेच. घरातच तसा प्रसंग उभा राहिला आहे.

माझ्या चुलत बहिणीचा दिवाळीनंतर साखरपुडा झाला. लग्न आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) तिथीला धरलं आहे. मुलगा पारोळ्याकडचा. घरची शेती आहे, जोडीला ठिबकच्या सामानाचं दुकान. काका नोकरीमुळे नाशिकला स्थायिक झाले, त्यामुळे बहीण तिकडेच वाढली आणि आता पुण्यात नोकरीला आहे. परवा काकूंचा फोन आला, "तू बोल बाई तिच्याशी, ती म्हणतेय लग्न मोडा." कारण काय, तर "तो चॅटवर बोलतच नाही."

बहिणीने मला स्क्रीनशॉट पाठवले. ती चार ओळी लिहिते, पलीकडून 'हो'. ती फोटो पाठवते, पलीकडून अंगठा. रात्री साडेनऊला न चुकता 'जेवण झालं का'. दीड महिन्यात यापलीकडे काही नाही. "ताई, ज्याच्याकडे मला सांगायला काहीच नाही, त्याच्यासोबत आयुष्य कसं काढायचं?" असं तिने विचारलं. मला तिचा राग आला नाही. मी स्वतः या वाटेने गेले आहे.

माझी सुपारी फुटली २०१४ च्या नोव्हेंबरात. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा नेमक्या त्याच महिन्यात आल्या. त्याआधी उत्तर नाही आलं तर मनाची समजूत काढता यायची, वाचलं नसेल, रेंज नसेल. निळी खूण आली आणि ती पळवाट बंद झाली. वाचलंय, आणि तरी लिहिलं नाही! शाळेच्या मधल्या सुट्टीत मी भिंतीकडे तोंड करून फोन उघडायचे. दोन निळ्या खुणा, आणि खाली काही नाही. कधी वर 'टायपिंग' दिसायचं, छाती धडधडायची, मग तेही जायचं आणि यायचं काय, तर 'ठीक'. माझ्या मैत्रिणीचा होणारा नवरा मात्र तिला रोज सकाळी परिच्छेदच्या परिच्छेद पाठवायचा. ती मला वाचून दाखवायची आणि मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायचे. नकार कळवायचा असं मी मनात पक्कं केलं होतं.

जानेवारीत वडिलांनी व्याह्यांना शेतात भरितावर बोलावलं. आमचं शेत अमळनेर तालुक्यात. कपाशी उपटून झालेली, पऱ्हाट्यांचा ढीग लागलेला. त्या पेटवून त्यावर हिरवी वांगी टाकली. माणसं गोल बसली. हे आले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि गर्दीत न बसता विस्तवाशी जाऊन बसले. वांगी सोलायला लागले. भाजलेल्या वांग्याचं साल काढताना बोटं भाजतात, म्हणून बाकीचे पाण्यात हात बुडवत होते. हे फुंकर घालत सोलत होते, हात कोपरापर्यंत काळे.

माझी आजी तेव्हा होती. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं आणि ऐकूही कमी यायचं. जेवायला पानं मांडली तेव्हा हे तिच्या शेजारी बसले. तिच्या पानातल्या भरितात सालाचा एक करपट तुकडा आणि देठाचा चोथा राहिला होता. यांनी कुणाला काही न सांगता तो बोटाने वेचून आपल्या पानाच्या कडेला ठेवला. आजीने विचारलं, "कोन शे रे तू?" हे मोठ्याने म्हणाले, "धरणगावना शे, आजी." आणि मग अर्धा तास त्या दोघांचं बोलणं चाललं होतं. डोळ्याचं ऑपरेशन कुठे केलं, कुणी केलं, थेंब कोण टाकतं. 'हो' आणि 'ठीक'च्या पुढे न जाणारा माणूस हाच का, हे मला कळेना. मी लांबून बघत होते आणि माझ्या हातातली कळण्याची भाकर गार झाली.

मे २०१५ मध्ये लग्न झालं. अजूनही ते मेसेजवर 'हो'च लिहितात.

मानसशास्त्र मी बी.ए.ला घेतलं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर मला नंतर वाचनात मिळालं. जोसेफ वॉल्थर नावाचे संवादाचे अभ्यासक आहेत. त्यांनी १९९६ मध्ये मांडलं की नुसत्या लेखी संवादातून कधीकधी समोरासमोरच्या भेटीपेक्षाही जास्त जवळीक वाटू लागते. लिहिणाऱ्याला वेळ असतो, तो आपलं चांगलं तेवढंच निवडून, खोडून-पुसून पाठवतो. वाचणाऱ्याला चेहरा, आवाज, हातवारे काहीच दिसत नाहीत, म्हणून मधल्या मोकळ्या जागा तो स्वतः भरतो, आणि आपल्याला हवं तेच भरतो. मग त्या कल्पनेतल्या माणसाशी तो जसं वागतो, तसाच प्रतिसाद पलीकडून येत जातो आणि चक्र सुरू राहतं.

वॉल्थर यांनी चांगल्या बाजूने भरलेल्या जागांबद्दल लिहिलं. माझ्या बाबतीत उलटं झालं. मोकळी जागा फार होती आणि ती मी भीतीने भरली. 'हो' या एका अक्षरात मी नावड वाचली, गर्व वाचला, दुसरी कुणीतरी असेल हेही वाचलं. त्यातलं एकही त्याने लिहिलेलं नव्हतं.

आपल्याकडे साखरपुडा ते लग्न हा काळ आता जवळजवळ सगळा फोनवरच जातो. आमच्या आईच्या वेळी तर फोनही नव्हता, थेट मांडवातच बघायचं. ते चांगलं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण आता बोलायची मोकळीक मिळाली आणि ती सगळी लिहिण्यात चालली आहे, याचं मला वाईट वाटतं. तुमचे अनुभव सांगा. बहिणीला काय सांगू तेही सांगा.

---

भुसावळचे_नाना · रविवार, रात्री ११:०५

पोरी, फार मनापासून लिहिलं आहेस. आजीच्या पानाचं वाचून मी दोन मिनिटं थांबलो.

मी एकतीस वर्षं भुसावळ-जळगाव अप-डाऊन केलं. पॅसेंजरचा तिसरा डबा, खिडकीकडची बाजू, ठरलेली माणसं. त्यातल्या आठ जणांशी घरोबा झाला, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात वाढायला उभे राहिलो. त्यांची निवड कुणी केली? आम्ही निवड केलीच नव्हती. रोज समोर बसत होतो, एवढंच.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं, यावर अभ्यास झालेला आहे. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक यांनी अमेरिकेत एका विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत पाहिलं की मैत्री सर्वांत जास्त शेजारच्या दाराशी होते, आणि दोन-चार दारं पलीकडे गेलं की झपाट्याने कमी होते. हे १९५० चं. पुढे झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेसमोर आली तरी ती आवडायला लागते.

आणि एक मिलग्रॅम यांचं, १९७२ चं, जे मला माझ्याच डब्यातलं वाटलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्या लोकांचे फोटो काढले आणि पुढे त्याच लोकांना वाटले. प्रत्येकाने सरासरी चार चेहरे ओळखले, ज्यांच्याशी तो वर्षानुवर्षं एक शब्द बोलला नव्हता. आमच्या फलाटावरही असा एक गृहस्थ होता, पांढरी टोपी, हातात पितळी डबा. वीस वर्षं बघितलं, बोललो नाही. एकदा पंढरपुरात समोर आला आणि आम्ही दोघंही असे बिलगलो की सोबतच्यांना वाटलं सख्खे भाऊ आहेत.

आता डब्यात सगळे मान खाली घालून बसतात. परवा मी जळगावला गेलो तर समोरच्या पोराने पूर्ण प्रवासात वर पाहिलं नाही. माझी तक्रार त्या पोराबद्दल नाही, त्याच्याही फोनमध्ये त्याची माणसंच असतील. पण शेजारी बसल्याने जी ओळख आपोआप व्हायची ती आता होत नाही, हे खरं आहे.

---

धुळेकरीण_हिंजवडीत · सोमवार, सकाळी ७:५०

ताई, तुमच्या त्या मैत्रिणीच्या जागी मी आहे.

मला परिच्छेद लिहिणारा मिळाला होता. चार महिने, रोज दोनशेच्या वर मेसेज. मी मीटिंगमध्ये टेबलाखाली वाचायचे. लग्न धुळ्यात झालं, आम्ही पुण्याला आलो, आणि पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की जेवताना आम्हाला बोलायला विषय नाही. तो समोर बसला की गप्प. ऑफिसला पोचला की मेसेज, 'तुझ्याशिवाय करमत नाही'. एकदा तर मी स्वयंपाकघरात बट्टी तळत होते आणि बाहेरच्या खोलीतून त्याचा मेसेज आला, 'वास छान येतोय'. मी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसून रडले. मी ज्याच्याशी बोलत होते तो माणूस फोनमध्येच राहून गेला, असं वाटलं.

तो फसवत नव्हता, हे मला कळायला वर्ष गेलं. तो अतिशय लाजाळू आहे. लहानपणी तोतरं बोलायचा, घरात चेष्टा झाली. लिहिताना त्याला कुणी अडवत नाही, चेहरा बघत नाही, म्हणून तो मोकळा होतो. जॉन सुलर यांनी २००४ मध्ये याच मोकळेपणाबद्दल लिहिलं आहे. पडद्याआड माणूस जास्त कडवट होतो तसा जास्त हळवाही होऊ शकतो. आता आम्ही एक केलंय, रोज रात्री जेवणानंतर दिवा बंद करून गॅलरीत बसायचं. अंधारात त्याला बोलता येतं. तीन वर्षं झाली.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की 'हो' लिहिणारा नापास आणि परिच्छेद लिहिणारा पास असं नाही, पण उलटही समजू नका. लिखाणावरून कसलाच निकाल लागत नाही.

---

केळीचा_घड · सोमवार, दुपारी १:१५

पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या. चोपडा तालुका, वय ३३, केळीची कांदेबाग आणि मृगबाग दोन्ही लावतो, अजून लग्न नाही.

ताई, तुमच्या बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याला मी ओळखत नाही, पण तो 'हो' का लिहितो ते बहुतेक मला माहीत आहे. मागच्या वर्षी माझी एक सोयरीक जवळजवळ जमली होती. मुलगी छत्रपती संभाजीनगरची, शिकलेली. नंबर मिळाला. मी घरात, शेतात, बाजारात अहिराणी बोलतो. डोक्यात पण अहिराणीच चालते. तिला लिहायला बसलो की प्रत्येक वाक्य आधी शुद्ध मराठीत फिरवायचं. 'माले वाटस' असं मनात यायचं, त्याचं 'मला वाटते' करायचं, मग ते वाचून पुस्तकातलं वाटायचं, मग खोडायचं. त्यात एकदा 'पाणी' चुकून 'पानी' लिहिलं तर तिने हसण्याचं चित्र पाठवलं. तिने प्रेमानेच पाठवलं असेल. पण त्यानंतर मी 'हो', 'ठीक', 'बरं' एवढंच लिहायचो. त्यात चूक होत नाही.

महिन्याभराने मध्यस्थाकडून निरोप आला, मुलगा बोलका नाही. मी बोलका नाही! गावात भांडण झालं तर मिटवायला मला बोलावतात.

ते वर 'टायपिंग' म्हणून दिसायचं आणि जायचं ना ताई, तेव्हा पलीकडे असंच काही चाललं असेल.

दुसरी गोष्ट बायोडाट्याची. मी परिचय मेळाव्याला जातो, दोन अॅपवरही नाव आहे. 'व्यवसाय : शेती' वाचलं की पुढचं कुणी वाचत नाही. मी त्या मुलींना दोष देत नाही. माझ्या बहिणीला आम्हीच शेतकरी दिला नाही, कारण आईने आयुष्यभर काय सोसलं ते आम्ही पाहिलंय. तरी मनाला लागतं. बोटाने एक फोटो बाजूला सारायला सेकंद पुरतो. बागेत घड निसवला की त्याला कापणीपर्यंत तीन-चार महिने बघावं लागतं.

---

वाचनवेडा_जळगाव · सोमवार, संध्याकाळी ६:४०

केळीचा_घड भाऊ, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. भाषेची लाज हा मुद्दा मी या विषयावरच्या वाचनात कुठेच पाहिला नव्हता.

बायोडाट्याबद्दल थोडी भर घालतो. ईस्टविक आणि फिंकेल यांनी २००८ मध्ये स्पीड डेटिंगच्या कार्यक्रमात लोकांना आधी विचारलं, जोडीदारात काय हवं. मग ते प्रत्यक्ष भेटल्यावर कुणाला कोण आवडलं ते पाहिलं. आधी सांगितलेल्या अपेक्षांचा प्रत्यक्ष आवडीशी फारसा मेळ बसला नाही. पुढे २०१७ मध्ये सामंथा जोएल यांच्यासोबत त्यांनी शंभराहून जास्त गुण-स्वभाव-आवडी संगणकाला दिल्या आणि कोणाला नेमकं कोण भावेल ते ओळखायला सांगितलं. कोण सगळ्यांनाच आवडतो आणि कोणाला बहुतेक जण आवडतात हे थोडंफार सांगता आलं, पण याचं नेमकं तिच्याशी जमेल का, हे सांगता आलं नाही. परिचय पुस्तिकेत आपण नेमकं तेच शोधत असतो.

कपाशीचं_बोंड ताई, तुमच्या एका मुद्द्याला मात्र थोडा विरोध. चॅट म्हणजे वाईट आणि भेट म्हणजे चांगली असा सूर मला पूर्ण पटत नाही. नॉर्टन, फ्रॉस्ट आणि अॅरिएली यांनी २००७ मध्ये दाखवलं की एखाद्या व्यक्तीच्या गुणांची यादी जितकी लांब, तितकी ती कमी आवडते. कारण माहिती वाढली की कुठेतरी न जुळणारी गोष्ट सापडते आणि मग तीच डोळ्यात सलते. पण राइस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अनोळखी लोकांना खरोखर एकमेकांशी बोलू दिलं, तेव्हा जितक्या जास्त वेळा बोलले तितके ते एकमेकांना आवडू लागले. आणि लक्ष द्या, त्यातला एक प्रयोग चॅटवरचाच होता. म्हणजे लेखी असूनही देवाणघेवाण जिवंत असेल तर ओढ वाढते. यादी वाचून कमी होते. तुमच्या बहिणीचं चॅट मला देवाणघेवाण वाटत नाही, हजेरी वाटते.

---

कपाशीचं_बोंड · सोमवार, रात्री ९:३०

वाचनवेडा, मान्य. मी चॅटवर जास्तच राग काढला. राइस यांचं मला माहीत नव्हतं.

तुम्ही 'हजेरी' म्हणालात ते अगदी बरोबर आहे. आणि त्या हजेरीचीही सवय लागते, हे मी स्वतः भोगलंय. स्किनर यांच्या प्रयोगात कबुतराला दर वेळी दाणा मिळत नसे, कधी दहाव्या टोचीला, कधी चाळिसाव्या. तरी ते टोचत राहायचं, उलट जास्तच. मला रोज एक चांगला मेसेज ठरलेल्या वेळी आला असता तर मी दिवसभर फोन उघडला नसता. कधीतरी अवचित एखादी मोठी ओळ यायची, म्हणून मी शंभरदा उघडायचे.

त्यात अनिश्चिततेची भर. व्हर्जिनिया विद्यापीठातला २०११ चा एक अभ्यास आहे, व्हिचर्च, विल्सन आणि गिल्बर्ट यांचा. मुलींना काही मुलांचे फेसबुक प्रोफाइल दाखवले. काहींना सांगितलं की या मुलांना तुम्ही खूप आवडलात, काहींना सांगितलं की बेताच्या आवडलात, आणि काहींना सांगितलं की दोन्हीपैकी काहीही असू शकेल. सगळ्यात जास्त ओढ या तिसऱ्या गटातल्या मुलींना वाटली, कारण ते मुलगे त्यांच्या मनातून जाईनात. हे वाचल्यावर मला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली. तेव्हा मला जे प्रेम वाटत होतं त्यातलं निम्मं हुरहूर होती. खरं प्रेम शेतात सुरू झालं.

केळीचा_घड भाऊ, तुमचा प्रतिसाद मी जसाच्या तसा बहिणीला पाठवला आहे. राग मानू नका.

---

नाव_नको · मंगळवार, पहाटे १२:५०

सगळे चांगलं लिहीत आहेत म्हणून लिहू की नको असं झालं होतं. पण दुसरी बाजूही यायला हवी.

माझा साखरपुडा झाला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तो खूप लिहायचा. पहिल्या महिन्यात छान वाटलं. मग 'रात्री ११:४२ ला ऑनलाइन होतीस, कुणाशी?' सुरू झालं. मग लास्ट सीन बंद करायचं नाही. मग डीपीवरचा फोटो त्याला विचारून. मग मी नंदुरबारला परीक्षेला जाताना बसमध्ये लोकेशन चालू ठेवायचं. आई म्हणायची, "काळजी करतो गं." मलाही तसंच वाटायचं. ज्या दिवशी त्याने फोनचा पासवर्ड मागितला आणि मी दिला नाही, त्या दिवशी त्याने माझ्या वडिलांना फोन करून मुलीचं चालचलन विचारलं.

वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुला तिथे श्वास घेता येईल का?" मी नाही म्हटलं. साखरपुड्याचा खर्च, नातेवाइकांची तोंडं, सगळं त्यांनी अंगावर घेतलं.

कपाशीचं_बोंड ताई, तुमच्या बहिणीला 'हो' लिहिणारा भेटलाय. तिला विचारा, तो तिचा ऑनलाइन वेळ कधी मोजतो का. मोजत नसेल तर ती पण एक गोष्ट आहेच की.

---

धुळेकरीण_हिंजवडीत · मंगळवार, सकाळी ८:०५

@नाव_नको, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

चाळीसगावची_माई · मंगळवार, सकाळी ११:३०

मला दोन मुली. मोठीच्या वेळी मी जावयाला घरी येऊ दिलं नाही, लग्नाआधी बरं दिसत नाही म्हणून. दोघं फोनवरच बोलत राहिली आणि मी समजले की ओळख होतेय. हा धागा वाचून मन खात आहे. गावात लोक नावं ठेवतात हे खरं, पण फोनवर रात्री दोन वाजेपर्यंत काय चाललंय ते त्या लोकांना दिसत नाही आणि दिवसाढवळ्या अंगणात चहा घेतला तर मात्र दिसतं, हा कुठला न्याय?

धाकटीच्या वेळी मी कानबाई देवीच्या रोटाच्या सणाला मुलाला आणि त्याच्या घरच्यांना बोलावलं. चाळीस माणसांच्या गर्दीत तो कसा वागतो ते तिला दिसलं, तिच्या घरची माणसं त्याला दिसली. कानबाईचं विसर्जन होईपर्यंत तो थांबला होता.

---

सातपुडा_पायथा · मंगळवार, दुपारी ३:००

विषयाला थोडं सोडून, पण गरजेचं. मोकळ्या जागा आपण स्वतः भरतो, यावरच फसवणारे जगतात. आमच्या शेजारच्या पोराला एका अनोळखी 'मुलीने' तीन आठवडे गोड बोलून व्हिडिओ कॉल केला, रेकॉर्ड केला आणि पैसे मागायला लागले. लाजेने तो दोनदा पैसे देऊन बसला, जेवण सोडलं. कुणाच्या घरी असं झालं तर पोराला आधी जवळ घ्या, रागावू नका. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. मन फारच खचलं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात.

---

भुसावळचे_नाना · मंगळवार, संध्याकाळी ७:२०

कपाशीचं_बोंड, बहिणीला लिहू नको म्हणावं, फोन लाव म्हणावं. आमच्या नातीने मला कुमार आणि एप्ली यांचा २०२१ चा अभ्यास वाचून दाखवला. जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क करायचा, ईमेलने की फोनने. लोकांना वाटलं फोनवर अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात ज्यांनी फोन केला त्यांना जास्त जवळीक वाटली आणि अवघडलेपण काही वाढलं नाही. अनोळखी माणसांतही तेच दिसलं, आणि व्हिडिओने आवाजापेक्षा फार काही जास्त दिलं नाही. आवाज पुरला.

मी त्याच दिवशी पितळी डब्याच्या त्या गृहस्थांना फोन केला. त्यांचा मुलगा उचलला. मागच्या वर्षी गेले म्हणे.

---

केळीचा_घड · मंगळवार, रात्री ८:१०

नाना...

---

कपाशीचं_बोंड · शुक्रवार, रात्री १०:४५

नाना, तुमचा प्रतिसाद वाचून तीन दिवस काही लिहिता आलं नाही.

इकडची हकीकत सांगते. बहिणीने केळीचा_घड भाऊंचं वाचलं आणि मला लगेच फोन केला. म्हणाली, "ताई, मीही एकदा त्याच्या 'पानी'वर हसले होते." बराच वेळ गप्प होती. मग त्याला तिने एवढंच लिहिलं की तू लिहू नकोस, घरात बोलतोस तसं बोलून पाठव. दोन दिवस काहीच नाही. निळ्या खुणा तेवढ्या. मला २०१४ आठवलं आणि पोटात गोळा आला.

काल रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला. तिने तो मला पाठवला. एकोणीस सेकंदांचा आहे. आधी नुसता मोटरीचा आवाज आणि पाण्याची खळखळ. मग तो घसा खाकरतो. मग, "लाइट उनी. मोटर लाई दिधी. आते जेवाले बससू. तू जेवनी का?"

'जेवण झालं का' हेच तो दीड महिना लिहीत होता. पण आवाजात त्याचं 'तू' लांब ओढलेलं आहे, आणि त्याच्यानंतर तो क्षणभर थांबतो. हे मला कळलं कारण माझी आजी असंच म्हणायची. बहिणीला अहिराणी समजते, बोलता येत नाही. तिने तो मेसेज किती वेळा ऐकला ते तिने सांगितलं नाही. उत्तर काय द्यायचं, ते अहिराणीत कसं म्हणायचं, हे विचारायला तिने रात्री पावणेबाराला माझ्या आईला उठवलं.

लग्नाचं अजून काही ठरलेलं नाही. नाव_नको यांनी सांगितलेला प्रश्न मी तिला विचारला. तो मोजत नाही. येत्या रविवारी वडील शेतात भरीत करणार आहेत, पऱ्हाट्या अजून शिल्लक आहेत. ती पुण्याहून शनिवारी निघतेय. त्यालाही बोलावलंय, त्याची आई आणि लहान भाऊ पण येतील.